रविवारच्या केंद्राचं मोजमाप : प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते मार्च २०२५

९ जून २०२४, रविवार

आमच्या रविवारच्या युवा केंद्राची नव्या वर्षाची पहिली बैठक. जागा तीच, गावचं समुदाय भवन. किल्ली पंचायतीच्या शिपायाकडं असते आणि तो शेतात गेला होता, म्हणून दहाची बैठक पावणेअकराला सुरू. रजिस्टरवर ४१ नावं : २३ मुली, १८ मुलगे, वय १४ ते १९. बेळगावजवळच्या उचगाव पट्ट्यातली चार गावं. या नोंदींत मुलांची नावं लिहिणार नाही, रजिस्टर नंबर लिहीन. वाचणारी माणसं इथलीच आहेत.

यंदा निधी देणाऱ्यांची अट आहे : परिणाम मोजून दाखवा. त्यासाठी फॉर्म आलाय. २४ वाक्यं, प्रत्येकापुढं १ ते ५. जूनमध्ये भरायचा, ऑक्टोबरात भरायचा, मार्चमध्ये भरायचा. आकडा वाढला की काम झालं.

आज भरून घेतला. नववं वाक्य : ‘मी लवचिक आहे.’ नंबर १७ कबड्डीत चढाई करतो. त्यानं पेन खाली ठेवलं, उभा राहिला, गुडघे न वाकवता दोन्ही तळहात फरशीला टेकवले आणि खाली बसून ५ वर खूण केली. मागच्या रांगेतल्या तिघांनीही करून बघितलं. एकाला जमलं नाही, त्यानं मुकाट्यानं २ लिहिले. गठ्ठ्यातला सगळ्यात खरा आकडा बहुतेक तोच.

बाकी बहुतेक पाचच पाच. पोरांना वाटतं ही परीक्षा आहे आणि पेपर तपासणार मी.

१२ जून

रात्री फॉर्मचं मूळ शोधत बसलो. वाक्यं दोन ठिकाणांहून आलेली दिसतात. काही थेट रोझेनबर्गच्या आत्मसन्मान-पट्टीच्या वळणाची. ती १९६५ ची, दहा वाक्यांची, न्यूयॉर्क राज्यातल्या हायस्कूलच्या मुलांसाठी केलेली. बाकीची लंडनच्या यंग फाउंडेशननं २०१२ साली काढलेल्या चौकटीची. त्यांनी युवा कामाचे परिणाम सात गटांत मांडले : संवाद, आत्मविश्वास, नियोजन, नाती आणि नेतृत्व, सर्जकता, पडल्यावर सावरणं, भावना सांभाळणं. यात चूक काहीच नाही. चूक झाली ती मराठी करताना. ‘पडल्यावर सावरणं’चं कुणीतरी शब्दकोश उघडून ‘लवचिकता’ केलं आणि आमच्या पोरानं फरशीला हात टेकवले.

दुसरी गंमत उलट्या वाक्यांची. ‘माझ्यात अभिमान वाटावा असं फारसं काही नाही’ याला आपल्याकडं पोरगं म्हणणार, ‘होय.’ म्हणजे ‘होय, नाही’ की ‘होय, आहे’? निम्म्या फॉर्मांवर पहिल्या अर्थानं खूण आहे, निम्म्यांवर दुसऱ्या. आणि ‘मला अभिमान वाटतो’ म्हटल्यावर नंबर ३० नं मला विचारलंच होतं, “मराठी असल्याचा न्हवं सर? मग ५ की ओ.” सीमाभागात अभिमान हा शब्द एकट्या माणसाचा राहिलेला नाही. तो बोर्डावर असतो, मिरवणुकीत असतो. स्वतःबद्दल विचारायचं तर दुसरा शब्द शोधावा लागणार.

१४ जुलै, रविवार

हजर ९. भात लावणी चालू आहे, वर रताळ्याचे वेल लावायचे दिवस. डॅशबोर्डवर, म्हणजे हजेरीच्या ऑनलाइन तक्त्यावर, आमचा चौकोन लाल झाला. कार्यक्रम अधिकाऱ्यांचा फोन : “उपस्थिती का घसरली?” म्हटलं, पाऊस पडला. त्यांना चेष्टा वाटली.

रजिस्टरला आजपासून एक रकाना वाढवला : ‘का आला नाही’. उत्तर पोरांनीच पुढच्या आठवड्यात भरायचं. शेत, पाहुणे, ताप, कंटाळा. कंटाळा हा शब्द मुद्दाम छापून घेतला, नाहीतर कुणी लिहिणार नाही.

२८ जुलै

आठवडाभर धुवाधार. शाळांना पावसाची सुट्टी, ओढ्यावरून पाणी. केंद्र बंद.

रकाना भरला गेला तो वाचून काढला. १४ तारखेचे बहुतेक ‘शेत’. पण ३० जूनलाही १५ जण नव्हते, तेव्हा लावणी कुठं होती? त्यातल्या ६ जणांनी मागाहून लिहिलंय ‘कंटाळा’. ३० जूनला मी संविधानातल्या मूलभूत हक्कांवर बोललो होतो. किती वेळ, ते आठवत नाही. त्यांना आठवतंय.

४ ऑगस्ट, रविवार

बैठकीनंतर भरतीवाली पोरं मैदानात थांबतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं या गावांत घरटी कुणीतरी पलटणीत असतोच. आता अग्निवीर. पहाटे रस्त्यानं पळणारी पोरं दिसतात, कुणाच्या तरी हातात घड्याळ. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलं की ६० मार्क, दहा बीम (आडव्या दांड्यावर पुल-अप) काढले की ४०.

नंबर १७ मला म्हणाला, “सर, भरतीचं बरं हाय. शिट्टी वाजली की पळायचं, घड्याळ सांगतंय. तुमचं काय मोजतात?”

मला पटकन उत्तर आलं नाही. राष्ट्रीय सेवा योजना तास मोजते, दोन वर्षांत २४०. ते निदान साफ आहे. आम्ही आत्मविश्वास मोजतो म्हणतो आणि मोजतो मात्र पोरगं किती शहाण्यासारखी खूण करतंय ते.

१८ ऑगस्ट, रविवार

ही नोंद लांबणार.

जूनपासून एक गोष्ट डोक्यात घोळत होती. पोरांच्या आत काय बदललं ते दिसत नाही, पण बैठकीत काय घडलं ते दिसतं. अमेरिकेत मिशिगनमध्ये याच विचारानं एक साधन झालं, यूथ प्रोग्रॅम क्वालिटी असेसमेंट. त्यात मुलाला काही विचारतच नाहीत. एक माणूस कोपऱ्यात बसतो आणि कोण काय बोललं, कुणी काय केलं ते उतरवतो. मग चार पायऱ्यांवर गुण : जागा सुरक्षित आहे का, मोठ्यांचा आधार मिळतो का, मुलं एकमेकांत मिसळतात का, आणि सगळ्यात वर, मुलं स्वतः ठरवतात, निवडतात, मागं वळून बघतात का. गुण १, ३ किंवा ५. दोन आणि चार नाहीतच, म्हणजे ‘बरं चाललंय’ म्हणून मधेच टेकायची सोय नाही.

त्याच्यावरून आम्ही आमची १२ मुद्द्यांची यादी केली. आज खानापूरच्या केंद्रातल्या ताई माझी बैठक बघायला आल्या. त्या मागं खिडकीपाशी बसल्या, मांडीवर वही, हातात मोबाइलचं घड्याळ. मी विषय घेतला होता ‘गावातले प्रश्न’. मला वाटलं, छान रंगली. पोरं हसत होती, माना डोलवत होती.

संपल्यावर चहा घेता घेता त्यांनी वही माझ्याकडं सरकवली. साठ मिनिटांपैकी मी बोललो ४१. मुलगे ११. मुली सगळ्या मिळून दोन मिनिटांच्या आत, त्यातही तीनपैकी दोन वेळा ‘होय सर’. बाकी वेळ सतरंज्या, पाणी, गोंधळ. मी एकूण २७ प्रश्न विचारले. २२ प्रश्नांचं उत्तर मला आधीच माहीत होतं.

खाली त्यांनी लिहिलं होतं : ‘नंबर ८ नं तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा सर पुढच्या मुद्द्यावर गेले.’

चहा तसाच राहिला. ताई म्हणाल्या, “राग आला का?” म्हटलं, नाही. आला होता. घरी येईस्तोवर गेला, कारण नंबर ८ नं तोंड उघडलेलं मला एकदाही दिसलं नव्हतं, आणि मी तिच्या फॉर्मवर मात्र ‘संवादकौशल्य : ५’ असा आकडा टाईप करून पाठवून दिलेला होता.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. केंद्राला सुट्टी. मंडळात गेलो तर नंबर २१ वर्गणीची वही सांभाळतोय. सतरा वर्षांचा पोरगा, मांडववाल्याशी घासाघीस करतोय, कुणाची पावती राहिली ते तोंडपाठ. टिळकांनी १९०५ मध्ये बेळगावात झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसवला, तेव्हापासून या भागातली पोरं मंडळात हिशेब आणि भांडण दोन्ही शिकत आली. आमच्या फॉर्मवर त्याचं ‘नियोजन’ २ आहे.

खरं (आमच्याकडचं ‘खरं’, म्हणजे पण) मंडळाच्या वहीत एकाही मुलीचं नाव नाही, हेही लिहून ठेवतो.

१३ ऑक्टोबर

८ ते १० दसऱ्याच्या सुट्टीतलं शिबिर झालं, खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत. २६ मुलं. स्वयंपाकाला दोन मावश्या होत्या, भांडी ज्याची त्यानं. खर्चाचा हिशेब वेगळ्या वहीत. निरीक्षण नव्हतं, त्यामुळं इथं मोजमापाचं काही नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

मधला फॉर्म भरला. संध्याकाळी बेरीज केली आणि दोनदा परत केली. २४ पैकी १५ वाक्यांवर आकडा घसरलाय. ‘मी चारचौघांत मत मांडू शकतो’ हे तर सरळ खाली.

ऑगस्टनंतर तर मुली बोलायला लागल्यात. दुसऱ्या निरीक्षणात माझी मिनिटं २९ वर आली होती. मग हे काय?

२२ ऑक्टोबर

नंबर ८ ला विचारलं, जूनमध्ये तू ५ दिलेस, आता ३. कमी बोलतेस का आता?

“नाही सर. तवा मला वाटायचं बोलणं म्हणजे विचारल्यावर उत्तर देणं. ते येतंय की. आता कळलं, कुणी विचारलं नाही तरी बोलायचं असतंय. ते कुठं येतंय मला?”

पट्टीच बदलली. जूनमध्ये ती ज्या पट्टीनं स्वतःला मोजत होती ती आखूड होती. १९७९ मध्ये जॉर्ज हॉवर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रशिक्षणांच्या बाबतीत हेच दाखवलं होतं : माणूस शिकतो तसा त्याचा मापदंड सरकतो, म्हणून आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा वजा करण्यात अर्थ उरत नाही. त्यांचा तोडगा असा की शेवटी एकदाच बसवून दोन्ही विचारायचं : तेव्हा तू कशी होतीस असं आज वाटतं, आणि आज कशी आहेस.

त्यालाही भोक आहेच. समोर सर बसलेत म्हटल्यावर कोण म्हणेल मी होतो तसाच आहे? फॉर्म मी नाही वाटणार, ताई वाटतील आणि नाव घालायचं नाही. पूर्ण इलाज नाही हा, तरी बरा.

कार्यक्रम अधिकाऱ्यांना हे सगळं मेलमध्ये लिहिलं. उत्तर : ‘मार्चपर्यंत आकडे सुधारतील अशी आशा.’

३ नोव्हेंबर

दिवाळीमुळं पंधराच जण. परवा १ तारखेला लक्ष्मीपूजन, काळा दिवस (सीमाभागातल्या मराठी लोकांचा निषेध) आणि कर्नाटकाचा राज्योत्सव एकाच दिवशी आले. पोरांकडं बोलायला भरपूर होतं, मी गप्प बसून ऐकलं. आमची मिनिटांची यादी अशा दिवशी कामाला येते.

१० नोव्हेंबर

एक नको असलेली नोंद. आमच्याच एका कार्यकर्त्यानं ऑगस्टपासून कबड्डीच्या सरावाला आलेल्यांची हजेरी केंद्राच्या रजिस्टरवर चढवली होती. आज उघड झालं. विचारलं तर म्हणाला, “चौकोन लाल होतोय म्हणून तुम्हीच डोक्याला हात लावत होता की.” खोटं नाही. मी तसं कर म्हटलं नव्हतं, खरं सांगायचं तर विचारलंही नव्हतं. डोनाल्ड कॅम्पबेलनं १९७० च्या दशकात लिहून ठेवलंय की एखाद्या आकड्यावर जितके निर्णय टांगाल तितका तो आकडा नासतो, आणि ज्या कामावर लक्ष ठेवायला तो होता ते कामही नासवतो. मला वाटायचं हे मोठ्या सरकारांबद्दल आहे.

ऑगस्टपासूनची हजेरी दुरुस्त करून पाठवली. लाल तर लाल.

२४ नोव्हेंबर, रविवार

बसची गोष्ट. कर्नाटक सरकारची शक्ती योजना ११ जून २०२३ ला आली तेव्हापासून बायकांना तिकीट नाही, बस भरून येते आणि सकाळची गाडी आमच्या स्टॉपवर थांबतच नाही. पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलींचा पहिला तास बुडतो. आज नंबर ८, १२ आणि २६ यांनी डेपोला द्यायचा अर्ज वाचून दाखवला. कन्नडमध्ये. स्वतः लिहिलेला, शाळेतल्या कन्नडच्या बाईंकडून तपासून आणलेला. सोबत दोन आठवड्यांची वही : कुठल्या दिवशी किती वाजता गाडी आली, थांबली की नाही, किती मुली राहिल्या. चौदा ओळी, प्रत्येकीसमोर सही.

मोजमाप शिकवायला निघालो होतो मी.

कुणीतरी मागून म्हणालं, “मराठीत का नाही लिहिलं?” नंबर १२ म्हणाली, “बस पाहिजे का भांडण पाहिजे?” त्यावर चर्चा अर्धा तास. मी ४ मिनिटं.

१५ डिसेंबर, रविवार

गोष्टींची बैठक. रिक डेव्हिस नावाच्या माणसानं १९९० च्या दशकात बांगलादेशात एका मोठ्या ग्रामीण प्रकल्पासाठी ही रीत काढली : आधी ठरवलेले निर्देशक नाहीत. लोकांना विचारायचं, गेल्या काही महिन्यांत तुम्हाला वाटलेला सगळ्यात महत्त्वाचा बदल कोणता? गोष्टी गोळा करायच्या, मग त्यातली एक निवडायची आणि का निवडली ते लिहायचं. निवडताना जे बोलणं होतं तेच खरं हाती लागतं.

११ गोष्टी आल्या. निवडायला पाच जण : दोन आया, एक माजी विद्यार्थी, शाळेच्या एसडीएमसीचे (शाळा विकास समितीचे) एक सदस्य, अंगणवाडीच्या ताई. मी फक्त वाचून दाखवणार. मनात ठरलेलंच होतं, बसचा अर्ज. डेपोचा माणूस स्टॉपवर येऊन बघून गेलाय आणि आठवड्यातून तीन-चार दिवस गाडी थांबायला लागलीय. अहवालात फोटोसह शोभेल अशी गोष्ट.

त्यांनी निवडली नंबर १९ ची. त्याच्या आईनं सांगितलेली, लिहून घेतली तर जेमतेम तीन ओळी : शिबिरावरून आल्यापासून पोरगा जेवलेलं ताट स्वतः उचलतोय, धुतोय, आणि आता धाकट्याचंही उचलायला लावतोय.

मी म्हटलं, बसचं मोठं नाही का? अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, “बस उद्या परत थांबायची बंद होईल सर. ह्यो चार वर्सं मागं ताट सरकवून उठत होता. आम्ही वरडून दमलो.” एसडीएमसीचे काका गप्प होते, मग म्हणाले, “आमच्या घरात अजून मीच उठत नाही.” आणि हसले. कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही.

नंबर १९ ला बाहेर गाठून विचारलं, शिबिरात हे कुणी शिकवलं?

“कुणी न्हाई. तिथं सगळेच धुत होते. तुम्ही पण.”

शिबिराच्या सत्रांचा तक्ता काढून बघितला. नेतृत्वाची तीन सत्रं, संवादाची दोन. ताटांचं सत्र नाही. १३ ऑक्टोबरची माझी नोंद : ‘मोजमापाचं काही नाही.’

१२ जानेवारी २०२५, रविवार

युवा दिन. निधी देणाऱ्यांकडून दोघं आले. पोरांनी फुलं दिली, मी बोललो नाही (मुद्दाम), नंबर २६ नं सूत्रसंचालन केलं. जेवताना साहेबांनी विचारलं, “प्रमाणपत्रं किती दिली?” म्हटलं, एकही नाही. “द्या, दाखवायला सोपं जातं.”

त्यांना इंग्लंडचं सांगितलं. तिथल्या सरकारनं २००२ मध्ये युवा सेवांना लक्ष्यं दिली : १३ ते १९ वयाच्या २५ टक्के मुलांपर्यंत पोचा, भाग घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांचा परिणाम नोंदवा, ३० टक्क्यांना मान्यताप्राप्त प्रमाणपत्र द्या. पुढं २००९ मध्ये तिथल्याच युवा कार्यकर्त्यांनी उघडं पत्र काढलं, की या आकड्यांच्या मागं धावण्यात मुलांशी सहज बसून बोलण्याचं मूळ कामच मागं पडतंय. साहेब ऐकून घेत होते. मग म्हणाले, “पण मला वरती काहीतरी दाखवावं लागतं ना.” तेही खरंच. त्यांच्यावरही कुणाचा तरी चौकोन आहे. ताईंच्या निरीक्षणाच्या वह्या त्यांना दिल्या. त्यांनी गाडीत बसल्यावर एक उघडलेली मला काचेतून दिसली.

२३ फेब्रुवारी, रविवार

कोल्हापूरहून एक ताई निरीक्षणाला येणार होत्या. भाषेवरून ताण वाढल्यानं दोन राज्यांतल्या बस थांबल्यात, त्यांचं येणं रद्द. खानापूरच्या ताईही लग्नात.

नंबर ८ म्हणाली, “आम्ही बघतो की.” यादी हातात दिली. नंबर १७ नं खिशातून पळायचं घड्याळ काढलं, बटणाचं, लाल दोरी लावलेलं. तो माझ्यासमोरच बसला, मी तोंड उघडलं की टक, थांबलो की टक. दहा मिनिटांत मला स्वतःचाच आवाज नकोसा झाला.

माझे १६. मुली २१, मुलगे १९. शेवटी नंबर ८ नं यादीखाली स्वतःचे दोन मुद्दे घातले : ‘कुणी चुकल्यावर कोण हसलं?’ आणि ‘सरांना कुणाचं नाव आठवलं नाही?’ पहिल्यात चार नावं. दुसऱ्यात एक, नंबर ३४, जूनपासून येतेय ती. यादीत आता १४ मुद्दे.

९ मार्च, रविवार

शेवटचा फॉर्म, ‘तेव्हा आणि आज’ पद्धतीनं. ताईंनी वाटला, मी बाहेर नळापाशी उभा होतो. वाक्यं यावेळी पोरांशी बसून मराठी केली, म्हणजे आमची मराठी. अभिमान काढून टाकला, त्याजागी ‘माझ्यातलं काय चांगलं ते मला सांगता येतं’. उलटी वाक्यं सगळी काढली. लवचिकतेचं काय करायचं यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी नंबर १७ चं वाक्य राहिलं : ‘पडलो तर थोडा वेळ बसतो, मग परत पळतो.’ ‘थोडा वेळ बसतो’ काढा असं एकजण म्हणाला. नंबर १७ म्हणाला, “मग खोटं होतंय.”

१३ मार्च

अहवाल पाठवला. मांडणी अशी : आधी बैठकींची निरीक्षणं, माझी मिनिटं ४१, २९, १६ या क्रमानं, मुलांच्या नजरेतून घेतलेल्या निरीक्षणासकट. मग ११ गोष्टी आणि निवडीमागचं बोलणं जसंच्या तसं. मग हजेरी, दुरुस्त केलेली, ‘का आला नाही’ रकान्यासह. फॉर्मचे आकडे शेवटच्या पानावर, ऑक्टोबरची घसरण न लपवता. बसबद्दल लिहिलं की काम मुलींनी केलं, कन्नडच्या बाईंनी तपासलं, केंद्राचा वाटा म्हणजे बसायला सतरंजी.

‘एकूण प्रगती टक्क्यांत’ हा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म सबमिट होत नाही. शून्य टाकलं, शेराच्या जागी फोन करा असं लिहिलं.

१६ मार्च, रविवार

२१ पासून दहावीची परीक्षा, केंद्र एप्रिलपर्यंत बंद. किल्ली शिपायाकडं दिली. फोन अजून आलेला नाही. पुढच्या वर्षासाठी : निरीक्षणाची यादी १४ मुद्द्यांची, ४५ प्रती. मुलींना मंडळाच्या वहीत घ्या म्हणून गणपतीच्या आधी मंडळाशी बोलणं, कोण बोलणार ते मुलं ठरवतील. नंबर ३४ चं नाव पाठ. नंबर १७ च्या घड्याळाचा सेल गेलाय, तो मी आणून देतो म्हटलंय.